डिझाइनचा इतिहास आणि क्युरेटिंग: लंडन, न्यूयॉर्क की बडोदा?

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो. शिरपूर तालुक्यातलं गाव, इतिहासात बी.ए., मग नाशिकला इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा आणि आता जळगावात एका फर्निचरवाल्याकडे ड्रॉइंगचं काम. पुढे डिझाइनचा इतिहास आणि संग्रहालयातलं क्युरेटिंग असा जोडविषय घेऊन मास्टर्स करायचं आहे. लंडन, न्यूयॉर्क की बडोदा, असा तुमचा प्रश्न. पण जाता जाता तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्यात आणि मला त्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. वडील शेतावर कर्ज काढायला तयार आहेत, ही एक. आणि सत्ताविसाव्या वर्षी हे सुरू करायला उशीर तर झाला नाही ना, ही दुसरी.

मी बडोद्याला म्युझिओलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र शिकलो, मुंबईत संग्रहालयात नोकरी केली आणि आता आपल्याच भागातले लहानमोठे संग्रह नोंदवायचं आणि मांडायचं काम करतो. बाहेर अर्ज करणारी मुलंमुली आपले निबंध मला वाचायला पाठवतात. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शहर ठरलेलं असतं, विद्यापीठ ठरलेलं असतं, पण कोणत्या वस्तूंचा अभ्यास करायचा ते ठरलेलं नसतं. तुमच्याही पत्रात तीन शहरांची नावं आहेत, वस्तू मात्र एकही नाही. मला वाटतं अडचण तिथे आहे. वस्तू ठरली की शहराचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

आधी हा जोडविषय म्हणजे काय ते बघू, कारण यात दोन वेगळी कामं एकत्र बांधलेली आहेत. डिझाइनचा इतिहास लिहिणारा विचारतो की ही वस्तू अशीच का झाली, कोणी केली, कशात केली, किती पैशांना विकली आणि घेणाऱ्याने पुढे तिचं काय केलं. चित्रकाराला नाव असतं. तांब्या, दिवाण, तेलाचा डबा, चटई यांच्या कर्त्याचं नाव बहुधा कुठेच नसतं, म्हणून पुरावा वस्तूच्या अंगावर शोधावा लागतो. क्युरेटरचं काम यापेक्षा निराळं. त्याने वस्तू सांभाळायची, नोंदवायची, निवडायची आणि लोकांपुढे अशी ठेवायची की त्यांना ती समजेल. लोकांना प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा दिवस दिसतो. बाकीचे दिवस ॲक्सेशन रजिस्टर (आलेल्या वस्तूंची नोंदवही), कंडिशन रिपोर्ट (वस्तूच्या अवस्थेची नोंद), विमा, पत्रव्यवहार, कसर आणि वाळवी यांत जातात. कापड आणि कागद यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू नये म्हणून दिवा पुन्हा पुन्हा सरकवण्यात दुपार निघून जाते. हे काम आवडणारी माणसं असतात, मी त्यातला आहे. तुम्ही त्यातल्या आहात का, हे अर्ज करण्याआधी तपासून बघा.

ही दोन कामं एका पदवीत का आली, याला कारण आहे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनानंतर १८५२ मध्ये तिथे कारागीर आणि कारखानदार यांना चांगल्या वस्तू दाखवून शिकवावं म्हणून संग्रहालय निघालं. तेच पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम (व्ही अँड ए) झालं. म्हणजे वस्तू शिकवण्यासाठी असते हा विचार तिथे पायापासून होता. १९८२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि या संग्रहालयाने मिळून डिझाइनच्या इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू केला. न्यूयॉर्कला हेविट भगिनींनी १८९७ मध्ये असाच संग्रह उभा केला, तो १९६७ पासून स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या संस्थेचा भाग आहे. न्यूयॉर्कच्या पार्सन्स या डिझाइनच्या शाळेतली तुम्ही म्हणता ती पदवी याच कूपर हेविट संग्रहालयाच्या सहवासात वाढली. याच विषयाचं १९९३ चं बार्ड ग्रॅज्युएट सेंटरही त्याच शहरात आहे.

आपल्याकडची घडण वेगळी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिओलॉजीचा विभाग १९५२ पासून आहे, देशातला पहिला. कलकत्ता विद्यापीठाचा १९५९ चा. दिल्लीच्या नॅशनल म्युझियमची शिक्षणसंस्था १९८९ मध्ये निघाली, ती आता नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. या ठिकाणी वस्तू सांभाळायला उत्तम शिकवतात. डिझाइनचा इतिहास मात्र आपल्याकडे थोडा कलेतिहासात, थोडा म्युझिओलॉजीत आणि थोडा डिझाइनच्या शाळांत असा वाटला गेलाय. तो तुम्हाला गोळा करावा लागेल.

डिझाइनच्या शाळा म्हटलं की अहमदाबादची एन.आय.डी. म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन आठवते. १९६१ ची. तिच्यामागे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेला अहवाल आहे. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याबद्दल प्रश्नांची रांग लावलीय. कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, ओतताना धार कशी पडते, आतून हात घालून घासता येतो का, किंमत किती, मोडीत काय मिळतं. तुम्हाला या विषयाची गोडी लागेल की नाही हे एका संध्याकाळीत कळायचं असेल, तर घरातली एक वस्तू घ्या आणि तिला असे प्रश्न विचारत बसा. दहाव्या प्रश्नालाही कंटाळा आला नाही, तर पुढचं वाचा.

आता वस्तू ठरली की शहर कसं ठरतं ते सांगतो. अजिंठा तसा मराठवाड्यात, पण जळगावच्या उंबरठ्यावर. १८४४ पासून रॉबर्ट गिल तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्या आगीनंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे.जे. कला शाळेचे विद्यार्थी पुन्हा नकला करत राहिले. त्या लंडनला साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठवल्या, १८८५ च्या आगीत तिथेही बऱ्याच जळाल्या आणि उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. त्या चित्रांतली आसनं, भांडी, कापडाचे पट्टे, दागिने आणि ते उतरवून घेणारे आपल्या जे.जे.चे हात हा तुमचा विषय असेल, तर लंडनला जायला पाहिजे. वस्तू तिथे आहेत.

पण विषय १९३६ च्या फैजपूरचा असेल तर? काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बसूंना बोलावलं आणि बांबूसारख्या जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून अधिवेशनाचं नगर सजवलं गेलं. हजारो माणसांसाठी तात्पुरतं उभं केलेलं हे नगर डिझाइनच्या इतिहासाचा पहिल्या दर्जाचा विषय आहे, आणि तो यावल तालुक्यात घडला. बांबू कुठून आला, बांधणारे हात कोणत्या गावचे, हिशेब कोणी ठेवला, नंतर ते सामान कुठे गेलं? या अभ्यासाच्या वाटा फैजपूरहून शांतिनिकेतनला आणि दिल्लीच्या दफ्तरांत जातात. लंडनला जायची गरजच नाही.

अमळनेरचंही तसंच. विप्रो म्हटलं की आज संगणक आठवतो, पण १९४५ मध्ये ती कंपनी अमळनेरला निघाली तेव्हा तिचं नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स होतं आणि ती सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण करायची. त्या तुपाच्या डब्यावरची छपाई, सूर्यफुलाचं चित्र आणि रिकाम्या डब्याचं खेड्यातल्या घरांनी केलेलं दुसरं आयुष्य हा पॅकेजिंगच्या इतिहासाचा विषय आहे. त्याला पद्धत लागेल. ती बाहेर चांगली शिकवतात आणि तिथे तो विषय आनंदाने ऐकतील.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती भांडी. धुळे जिल्ह्यातलं सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखलं जातं. आपल्या घरांत लग्नात आलेल्या भांड्यांवर नावं घालायची रीत आहे, ती तुम्हाला ठाऊकच आहे. कोणाकडून, कोणाला, कोणतं गाव आणि पुष्कळदा सालही. असा हंडा हातात घेतलात की एका ठिकाणी किती माहिती मिळते बघा. देणारा मामा कुठल्या गावचा, म्हणजे नातेसंबंध किती कोसांवर होते. अक्षरं टिंबाटिंबांनी ठोकलेली असतील तर हाताने घातलेलं नाव, सलग रेघ असेल तर बहुधा विजेच्या यंत्राचं. ज्याच्या अंगावर साल कोरलंय असा हंडा शेजारी ठेवला की विनासालाच्या हंड्याचाही अंदाज बांधता येतो. तळ ठोकून बसवलाय की दोन भाग जोडलेत, कल्हईचा थर आहे का, कान रिव्हेटने लावलेत का, वजन किती. मग त्याच घरातलं पुढच्या पिढीच्या लग्नातलं स्टीलचं भांडं शेजारी मांडा. एका घराच्या फडताळात तीन पिढ्यांचा धातूचा इतिहास साल घालून ठेवलेला सापडतो. असा सालवार पुरावा मोठ्या संग्रहालयांनाही सहज मिळत नाही, कारण तिथे पोहोचलेल्या वस्तूचं घर कधीच मागे राहिलेलं असतं.

आखाजीचं, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचं उदाहरण घ्या. घागर पुजायची, खापरावर मांडे करायचे. ते खापर कोणता कुंभार करतो, चुलीवरचं खापर गॅसवर चालतं का, त्यासाठी घेर किंवा जाडी बदलली का, आता ते कुठल्या बाजारात विकायला येतं? हे तुमच्या आईला, आजीला आणि कुंभाराला विचारून कळेल. भरीत ठेचायची लाकडी बडगी, धाब्याच्या घराची खणांची रचना, जळगावची प्लॅस्टिकची चटई, सगळं याच वाटेवर आहे.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी इतिहासाच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे नसते. तुम्हाला सांधे कळतात, प्लायचा आणि सनमायकाचा दर कळतो, सुतार कुठे वेळ वाचवतो ते कळतं. सागवानी दिवाण जाऊन सनमायकाची शोकेस आपल्या बैठकीत कधी आणि का आली, याचं उत्तर तुम्ही द्यावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या मालकांकडे जुनी बिलबुकं आणि ऑर्डरच्या वह्या शिल्लक असतील तर ती रद्दीत जाण्याआधी त्यांची परवानगी घेऊन फोटो काढून ठेवा.

हे काम कसं करायचं तेही सांगतो, कारण निबंधापेक्षा याच फाइलने दार उघडतं. एका जातीच्या वस्तू घ्या, पाचपन्नास जातींच्या नको. प्रत्येकीला क्रमांक, मापं, वजन, साहित्य, घरातल्या माणसांचं तिच्याबद्दलचं म्हणणं त्यांच्याच अहिराणी शब्दांत, फोटोत बाजूला मोजपट्टी. तांबं-पितळ चिंच लावून घासू नका, घासण्यात कोरलेली अक्षरं आणि वापराच्या खुणा जातात. विकत घेऊ नका, मागू नका. वस्तू घरातच राहू दे, नोंद तुमच्याकडे येऊ दे. देवाची वस्तू, मग ती कानबाईची असो की सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल घरांतली, घरच्यांनी दाखवली तरच पाहा आणि फोटोला नाही म्हणाले तर विषय तिथेच थांबवा. आणखी एक, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा तांब्या अभ्यासाला म्हणून बॅगेत टाकून लंडनला न्यायचा विचारही करू नका.

मदतीला माणसं आणि जागा आहेत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ तर आपल्या हाताशी. १९२६ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले, त्यांच्या कागदपत्रांच्या वारशातून ते उभं राहिलं. तिथे आधी वाचक म्हणून जा. जळगावचं गांधीतीर्थ २०१२ मध्ये उघडलं, नव्या पद्धतीची मांडणी कशी असते ते तिथे बघा आणि पाटीवर किती शब्द आहेत, किती उंचीवर आहेत ते मोजा. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात निदान दोन दिवस द्या. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, कुलपं अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. अहमदाबादला कॅलिको टेक्स्टाइल म्युझियम आणि विशाला या उपाहारगृहातलं भांड्यांचं संग्रहालय आहे. यापैकी एखाद्या ठिकाणी किंवा कुठल्याही लहान संग्रहात काही महिने नोंदणीचं काम मागा. पैसे मिळाले नाहीत किंवा थोडे मिळाले तरी एवढं काम पदवीआधी करा.

आता पैशांचं. हे स्पष्टच लिहितो. या विषयासाठी शेतावर कर्ज काढू नका. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि लंडन-न्यूयॉर्कचा फी आणि राहण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. अमेरिकेत तर बहुधा दोन वर्षं. संग्रहालयातल्या सुरुवातीच्या पगारातून ते कर्ज फिटणं फार कठीण आहे. तिकडे नोकरी लागेल हा हिशेब धरू नका, व्हिसाचे नियम बदलत राहतात आणि एकेका जागेला तिथलेच शेकडो अर्ज असतात. वडिलांचा जीव मोठा आहे, पण जमीन त्यांच्या म्हातारपणाचाही आधार आहे.

शिष्यवृत्ती मिळाली तर चित्र पालटतं. इनलॅक्स, चेव्हनिंग, जे. एन. टाटा एन्डोमेंट ही नावं आधी बघा. टाटांची १८९२ पासूनची आहे, पण ती कर्जरूपाने मिळते हे लक्षात ठेवा. चेव्हनिंगला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, तुमचा फर्निचरमधला अनुभव त्यात धरता येईल, त्याची पत्रं आत्ताच घेऊन ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार आहेत. त्यात एक खाच आहे. शासन जागतिक क्रमवारी बघतं आणि फक्त कला-डिझाइन शिकवणाऱ्या संस्था सर्वसाधारण क्रमवारीत नसतात, विषयवार यादीत असतात. रॉयल कॉलेज त्यातलंच. त्या वर्षीच्या जाहिरातीत कोणती यादी धरलीय ते शब्दन् शब्द वाचा, मगच विद्यापीठ निवडा. पूर्ण पदवी न करता अभ्यासापुरतं जायचं असेल तर नेहरू ट्रस्ट फॉर द इंडियन कलेक्शन्स ॲट द व्ही अँड ए आणि चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट यांची अनुदानं आहेत. थोडं काम केलेल्या माणसाला ती फार उपयोगी पडतात.

नोकरी कुठे करायची यावरही उत्तर बदलतं. शासकीय अभिरक्षकाच्या (क्युरेटरच्या) जाहिरातीत पदवीचं नाव बघतात, म्हणजे इतिहास, पुरातत्त्व, म्युझिओलॉजी वगैरे. तिथे बडोद्याची पदवी सरळ चालते, परदेशी पदवीला समकक्षतेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. प्राध्यापक व्हायचं असेल तर त्यासाठीच्या नेट परीक्षेत म्युझिओलॉजी अँड कन्झर्वेशन हा विषय आहे. खाजगी संग्रहालयं आणि कंपन्यांचे संग्रह मात्र पदवीपेक्षा तुमचं केलेलं काम बघतात.

तर माझा सल्ला असा. हे वर्ष नोकरी न सोडता एका वस्तूवर घाला आणि फाइल करा. मग बडोद्याला अर्ज करा. अमळनेर किंवा नंदुरबारहून ताप्ती लाइनने सुरत, तिथून बडोदा, घर हाकेच्या अंतरावर राहतं आणि फी आवाक्यातली आहे. कलेतिहासाचा विभागही तिथेच आहे, त्यांच्या व्याख्यानांना बसा. ते करताना तुमचा प्रश्न लंडनकडे किंवा न्यूयॉर्ककडे ओढू लागला तर त्या फाइलच्या जोरावर पूर्ण शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा. पूर्ण शिष्यवृत्ती आधीच हाती आली तर बडोद्यासाठी थांबू नका, जा.

निबंधाबद्दल एवढंच. 'लहानपणापासून संग्रहालयांची आवड' हे वाक्य काढून टाका आणि पहिल्याच ओळीत एखाद्या हंड्याचं, खापराचं किंवा शोकेसचं वर्णन करा, इतकं नेमकं की वाचणाऱ्याला तो हातात घेतल्यासारखा वाटावा.

राहिला वयाचा प्रश्न. या कामाला सत्ताविसावं वर्ष अजिबात उशिराचं नाही. वस्तू बनताना पाहिलेला, गिऱ्हाइकाशी बोललेला, भाव केलेला माणूस वर्गात आला की शिकवणाऱ्यालाही बरं वाटतं. शिष्यवृत्त्यांच्या वयाच्या अटी मात्र बघून ठेवा, इनलॅक्सची तिशीच्या आतली आहे. म्हणून फाइलचं काम याच आखाजीला सुरू करा. त्या दिवसांत खापरं बाजारात असतात, माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात आणि माळ्यावरची भांडी खाली उतरलेली असतात.